चाकांवरचे घर आणि चिखलदऱ्याचा घाट

राजुऱ्यातल्या कुटुंबाने डोंगर बघायला जायचे ठरवले की पहिला प्रश्न डोंगराचा नसतो. वाटेत खायचे काय, बायांनी जायचे कुठे, नमाज कुठे पढायची, अम्मींच्या गुडघ्यांचे काय आणि मुक्कामाला खोली मिळेल की नाही, हे प्रश्न आधी येतात. त्यांची उत्तरे सापडेपर्यंत मुलांच्या सुट्ट्या संपतात. मग पुरुष मंडळी मित्रांसोबत मोटारसायकलवर चिखलदरा करून येतात आणि घरच्या बायांना मोबाईलमधले फोटो बघायला मिळतात.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या मोहल्ल्यांनी यावर स्वतःच तोड काढली आहे. सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरवायची, मागच्या सीटांवर गाद्या-चादरी, खाली पाण्याचे कॅन, टपावर डेगच्या, चटया आणि ताडपत्री. दोन-तीन घरची माणसे मिळून निघतात आणि तीन दिवस ती गाडीच घर होते. परदेशात ज्याला कॅरॅव्हॅन म्हणतात, म्हणजे आत पलंग, ओटा, संडास असलेली गाडी, तिचा हा आपला गरीब भाऊ. गंमत म्हणजे ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द फारसीतल्या ‘कारवाँ’वरून युरोपात गेला. कारवाँ आपला, सराय आपली. फक्त त्याला चाके आणि भाडे लावून तो आपल्याला परत मिळाला आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पलंग-ओटा-संडासासह नोंदणी झालेल्या गाड्या, आणि त्या उभ्या करायला पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेली पार्क, अशी त्यातली कल्पना. केरळनेही त्याच वर्षी असेच पाऊल उचलले. कल्पना चांगली आहे. पण खाणीत किंवा सिमेंट कारखान्यात नोकरी करणाऱ्या किंवा बाजारात दुकान असलेल्या राजुऱ्याच्या माणसाच्या खिशाला अशी गाडी झेपायची नाही. शिवाय चार माणसांच्या त्या गाडीत आपले चौदा माणसांचे कुटुंब बसवायचे कुठे? तेव्हा ट्रॅव्हलरच खरी.

आमच्या घरची चौदा माणसे मागच्या पावसाळ्यात अशीच निघाली. सासू-सासरे, फुफी, दोन जावा, त्यांचे शोहर, नणंद आणि सहा मुले. राजुरा ते चिखलदरा हे अंतर कोणत्या वाटेने जाता त्यावर कमीजास्त होते, पण चारशे किलोमीटरच्या आसपास धरा. आम्ही वरोरा, वणी, यवतमाळ, अमरावती, परतवाडा अशी वाट धरली. या वाटेवर वर्धा नदी दोनदा ओलांडावी लागते. राजुरा सोडल्यावर बल्लारपूरच्या आधी एकदा, आणि वरोऱ्याहून वणीकडे जाताना पुन्हा. सासऱ्यांनी मुलांना सांगितले की जुन्या काळी ही नदी म्हणजे सरहद्द होती. राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. नदीपलीकडचा चांदा इंग्रजांच्या मध्य प्रांतात. आणि पुन्हा नदी ओलांडली की वऱ्हाड, जो नावापुरता निजामाचा आणि कारभारापुरता इंग्रजांचा. एका सकाळीत तीन मुलूख. आमच्या जेवणातल्या खिचडी-खट्ट्याला हैदराबादची चव का आहे, हेही त्यात मुलांना कळले.

गाडी ठरवताना दोन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. एक, नंबरप्लेट पिवळी हवी. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात मिळते, पण खासगी गाडी भाड्याने चालवणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात. दुसरी, गाडीतल्या सीटा काढून पलंग ठोकायचा मोह टाळावा. आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनाई आहे. गाद्या टाका, उशा टाका, पडदे लावा. स्क्रू काढू नका.

आता चुलीचे. या एका बाबतीत मी कोणाचे ऐकून घेणार नाही. गाडीच्या आत, चालत्या किंवा उभ्या, शेगडी पेटवायची नाही. चहासुद्धा नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या एका खासगी यात्रा डब्याला आग लागली. लखनौकडच्या यात्रेकरूंनी डब्यात चोरून गॅस सिलिंडर नेला होता. नऊ माणसे गेली. ती घरून निघालेली, हौसेने चहा करणारी, आपल्यासारखीच माणसे होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, गाडीच्या तळाशी, सीटांखाली साचतो. तिथेच आपण चपला, पिशव्या आणि झोपलेली मुले ठेवलेली असतात.

दुसरा धोका दिसतही नाही, वासही येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. गाडीचा एसी चालावा म्हणून जनरेटर सुरू होता आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. बंद काचांच्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणे, किंवा थंडी वाजते म्हणून आत कोळशाची शेगडी ठेवणे, यातही तोच धोका आहे. चिखलदऱ्याला पावसाळी रात्री खरोखर थंडी वाजते. रजया जास्त न्या.

आम्ही पाच किलोचा छोटा सिलिंडर नेला, नवी नळी लावून. घरचा १४.२ किलोचा घरीच ठेवला. थांबलो की सिलिंडर खाली, गाडीपासून वीस पावले दूर, ताडपत्रीच्या आडोशाला. निघताना रेग्युलेटर काढून टोपी लावायची, हे काम मोठ्या दिरांकडे दिले होते आणि ते त्यांनी नेमाने केले.

पहिला थांबा यवतमाळच्या अलीकडे, एका मोठ्या झाडाखाली. पुरुषांनी चटई अंथरली आणि तिच्यावर आडवे झाले. मुले चेंडू घेऊन पळाली. आम्ही तिघी कांदे कापायला बसलो, चौथी पाणी भरायला गेली. फुफी खुर्चीवर बसून हे सगळे पाहत होत्या. थोड्या वेळाने त्या आपल्या भावाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या, “भाईजान, आम्ही डोंगर बघायला निघालो आहोत की डेगची घासायला?”

सासरे उठून बसले. कोणी वाद घातला नाही, पण गप्पा बंद झाल्या. माझ्या मते या सगळ्या चाकांवरच्या घरांची खरी गोष्ट इथे आहे. हॉटेलात राहिलो तर हलाल खाण्याचा प्रश्न येतो, पैशाचा येतो, पडद्याचा येतो. घर सोबत नेले की ते तिन्ही प्रश्न सुटतात, पण घराबरोबर घरातले काम येते, आणि ते कोणाच्या वाट्याला येते ते आपल्याला ठाऊक आहे. राजुऱ्यात निदान ओटा असतो, नळ असतो. रस्त्याकडेला वाकून, वाऱ्यात शेगडी सांभाळत चौदा माणसांचे रांधायचे म्हणजे घरच्यापेक्षा दुप्पट काम. पुरुष ताजेतवाने होऊन परततात आणि बाया कंबर धरून. मग पुढच्या वर्षी ‘तुम्हीच नको म्हणता’ असे ऐकून घ्यायचे.

हजरत आयशा रजिअल्लाहु अन्हा यांना कोणी विचारले होते की रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम घरात काय करत असत. घरच्यांच्या कामात हातभार लावत असत, असा त्यांच्या उत्तराचा आशय. ही हदीस आपण मजलिसीत कित्येकदा ऐकतो. झाडाखाली कांदे कापायची वेळ आली की ती जरा कमी आठवते.

त्या थांब्यावरच वाटणी झाली. दिवसातून एकच गरम जेवण, तेही संध्याकाळी मुक्कामावर. बाकी वेळेला घरून आणलेले. भांडी दोन्ही दीर आणि मोठी मुले घासतील, पाणी तेच भरतील. शेगडीपाशी एका वेळी एकच बाई, बाकीच्यांनी फिरायला जायचे. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. “मुलगा भांडी घासतो, लोक काय म्हणतील?” असे त्या म्हणाल्या. लोक काहीच म्हणाले नाहीत. शेजारी थांबलेल्या अकोल्याच्या एका गाडीतल्या बायांनी मात्र आपल्या नवऱ्यांना हाक मारून ते दाखवले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी शिदोरीचे थोडे सांगते. तिखट पुऱ्या दोन दिवस टिकतात. शामी कबाब आदल्या दिवशी पूर्ण तळून घ्यावेत आणि पहिल्या दुपारीच संपवावेत. दमट हवेत मटण-खिमा दुसऱ्या दिवसावर ठेवू नये. तळलेला कांदा, भाजलेला मसाला आणि आले-लसणाचे वाटण घरूनच तयार न्यावे, म्हणजे संध्याकाळची खिचडी किंवा पुलाव एका डेगचीत होतो. उकडलेली अंडी, लोणचे, भाजलेले शेंगदाणे, केळी. ताजे गोश्त हवे असेल तर ते राजुऱ्याहून बर्फात घालून नेण्याची गरज नाही. परतवाडा-अचलपूर ही जोडगावे आहेत, अचलपुरात आपली वस्ती मोठी आणि जुनी आहे, घाट चढायच्या आधी तिथे सगळे मिळते.

बायांच्या दुसऱ्या अडचणीवर कोणी उघड बोलत नाही, म्हणून बोलते. पेट्रोल पंपावर संडास आणि पिण्याचे पाणी मोफत असायला हवे, असा नियमच आहे. डिझेल भरले नाही तरी किल्ली मागायला लाजू नये. आम्ही त्याखेरीज चार काठ्यांची पडद्याची घडीची राहुटी आणि एक प्लास्टिकची कमोडची खुर्ची नेली होती. अम्मींच्या गुडघ्यांना ती नसती तर हा सफर झालाच नसता. पाणी कमी पिऊन दिवस काढणे ही आपल्या बायांची जुनी सवय आहे. त्याने लघवीची जळजळ होते, डोके दुखते आणि सफरीचा आनंद जातो.

नमाजेचे सांगायचे तर हनफी मसलकात साधारण ४८ मैल, म्हणजे सुमारे ७८ किलोमीटर किंवा अधिक लांब जायच्या इराद्याने गावाची वस्ती सोडली की माणूस मुसाफिर होतो. जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तसेच राहतात. मुकीम इमामामागे पढलात तर पूर्ण. कोकणातल्या आपल्या शाफई बहिणींना सफरीत दोन नमाजा एकत्र करण्याचीही मुभा आहे. आम्हाला ती नाही, म्हणून थांबे नमाजेच्या वेळेला धरून ठरवले आणि त्यामुळे आपोआप दर दोन-अडीच तासांनी सगळ्यांचे पाय मोकळे झाले. विदर्भातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला. रस्त्यावरच्या बहुतेक मशिदींत बायांसाठी जागा नसते. गाडी आडवी लावून, तिच्या सावलीत चटई टाकली की आमची जमात झाली.

अमरावतीला एका नातेवाइकांकडे रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी परतवाड्यावरून घाट चढलो. घाट दिवसाच चढावा. पावसाळ्यात धुके इतके उतरते की समोरच्या गाडीचे दिवे ऐन जवळ आल्यावर दिसतात. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवावे, रिकाम्या पोटी नाही आणि भरल्या पोटीही नाही. आणि हे मेळघाटचे जंगल आहे, १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतले एक. जागा छान दिसली म्हणून वाटेत गाडी लावून शेगडी काढायची नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात आग पेटवणे गुन्हा आहे, आणि अस्वलाला तुमच्या पुलावाचा वास दुरून येतो.

चिखलदरा हे विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण, उंची सुमारे १,१०० मीटर. १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन इथे पोचला आणि मग इंग्रजांनी कॉफी लावली. कोरकूंना हा डोंगर त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता, हे वेगळे सांगायला नको. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती कीचकदरा, तिचे चिखलदरा झाले, अशी इथली कथा. भीमकुंड, देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, सगळीकडे पावसाळ्यात दरीतून ढग वर येतात आणि माणसाच्या पायाशी थांबतात. पंचबोल पॉइंटला हाक मारली की दरी ती परत करते. मुलांनी आपापली नावे ओरडून घेतली. मग सासूबाईंनी बुरख्याचा नकाब थोडा बाजूला करून आपल्या आईला हाक मारली. त्या माउलीला जाऊन तीस वर्षे झाली. आम्ही कोणी काही बोललो नाही.

चिखलदऱ्याला जाऊन गाविलगड न पाहता परतणाऱ्यांचे मला नवल वाटते. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला किंवा नव्याने उभारला. पुढे वऱ्हाडची इमादशाही स्थापन करणाऱ्या फतहुल्लाह इमादुल्मुल्कने तो मजबूत केला. हा फतहुल्लाह जन्माने विजयनगरकडचा कानडी ब्राह्मण. लहानपणी लढाईत पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तो दक्षिणेकडच्या राजांच्या आवडीचा पक्षी. सुलतानी दरवाजावर तो पाहिला की या माणसाची ती कथा आठवतेच. आत मोठ्या मशिदीच्या कमानी उभ्या आहेत, छताचा बराच भाग गेलेला, दगडांत गवत. सासरे तिथे बराच वेळ उभे राहिले.

१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. मुलांच्या पुस्तकात असई आणि अडगावच्या लढाया एका ओळीत येतात. इथे भिंतीवर उभे राहून फौज कुठून चढली असेल ते त्यांनी बोटाने दाखवले. किल्ल्यात झाडी दाट आहे, पायाखाली निसरडे आहे. सकाळी जावे आणि असरच्या आधी बाहेर पडावे.

मुक्कामाचे म्हणाल तर शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यात त्या दोन दिवशी गावात गाडी वळवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव वाढलेले असतात. आम्ही बुधवारी पोचलो. पहिल्या लॉजवर फोनवर खोली होती. वहीत नाव लिहिताना ती भरलेली निघाली. चिडून उपयोग नव्हता. पुढच्या लॉजचे मालक वयस्क गृहस्थ. त्यांनी गाडी अंगणात लावू दिली, एकच खोली दिली आणि नळ दाखवून म्हणाले, “पाणी हवे तेवढे घ्या, फक्त खरकटे नालीत टाकू नका.” बाया खोलीत झोपल्या, पुरुष आणि मोठी मुले गाडीत, काचा दोन बोटे उघड्या ठेवून. चौदा माणसांना एक खोली, एक न्हाणीघर, एक अंगण, एवढे पुरते.

ड्रायव्हरला मात्र गाडीत झोपवू नये. दिवसभर घाट चालवलेल्या माणसाच्या अंगावर रात्री मुले पाय टाकणार, मग दुसऱ्या दिवशी चौदा जीव त्याच्या हातात द्यायचे. त्याला वेगळी खाट, आपल्याच दस्तरखानावर जेवण आणि निदान सहा तास झोप. आमचा ड्रायव्हर उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता खालच्या गिअरमध्ये गाडी आणत होता. मधे एकदा थांबून चाकांना हात लावून पाहिला. भाडे ठरवताना दोन पैसे जास्त मागत होता म्हणून दिरांनी कुरकुर केली होती. परतवाड्याला पोचल्यावर त्यांनीच त्याला खवा घेऊन दिला.

ज्यांना तीन दिवस निघत नाहीत किंवा घरात पहिल्यांदाच असा सफर ठरतो आहे, त्यांनी आधी माणिकगड करून पाहावा. गडचांदूरवरून वर जीवतीच्या पठाराकडे रस्ता चढतो. झाडीत गडाचे जुने दरवाजे आणि बुरूज आहेत, खाली अमलनाल्याचे धरण. शिदोरी, चटई, राहुटी, अम्मींची खुर्ची हे सगळे त्या एका दिवसात तपासून होते. भांडी कोण घासणार तेही त्याच दिवशी ठरवून टाका. सकाळी नाश्ता करून निघालात तर मगरिब घरी.